उत्तर शब्दांत लिहा

गजू, उद्या सकाळी बसस्टँड रोडवर काँक्रीट पडणार आहे. खडी येऊन पडली, मिक्सर कडेला उभा आहे, आणि मी टाकीखालच्या माझ्या खोलीत बसून तुला हे लिहितो आहे. तुझी तेरवी अजून व्हायची आहे. गेलेल्या माणसाविषयी शांतपणे चार चांगले शब्द लिहावेत म्हणतात. मला शांतपणा कधी जमला नाही, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे? "पानीवाले एवढे गरम काऊन असते बे?" असं तू चारचौघांत विचारायचास आणि वर माझाच चहा पिऊन जायचास.

रस्ता तुझा आणि रस्त्याखालची लाइन माझी. पॉलिटेक्निकला एका बाकावर बसलो, आणि नोकरीत एकाच रस्त्याच्या वर आणि खाली येऊन पडलो. तू रस्त्यांचा इंजिनिअर, मी पाणीपुरवठ्याचा. तू केलेला रस्ता मी फोडायचा आणि मी टाकलेली लाइन तुझ्या जेसीबीनं तोडायची, हा आपला सुरुवातीचा संसार. तेव्हा आपण भांडलो किती आणि कामं केली किती, याचा विचार केला तर मला अजून हसू येतं.

तो तहसीलसमोरचा खड्डा आठवतो तुला? रस्ता नवा कोरा होता, त्यावरचा रंगसुद्धा वाळला नव्हता. माझी माणसं गळती काढायला खोदत होती. तेवढ्यात वीजवाले त्यांची केबल शोधत आले आणि पाठोपाठ फायबरवाला ठेकेदार आला. शेवटी तू आलास, रागानं लालबुंद. चौघांच्या खिशात चार नाहरकत दाखले, चारही खरे, सहीशिक्क्याचे. तू ते चारही कागद हातात घेतलेस, एकाखाली एक लावून वाचलेस आणि चौघांसाठी चहा सांगितलास. मग खड्ड्याच्या काठावर बसून म्हणालास, "ना हरकत म्हंजे काय, माहीत हाय का? मी पाह्यलंच नाई, असा त्याचा अर्थ हाय. गावाले आता नाहरकत नाई पायजे. गावाले हरकत घेनारा मानूस पायजे."

तिथून ते सुरू झालं. तो ग्रुप तू काढलास, 'आधी विचारा' या नावानं, आणि त्याच्यासोबत फोनवरचा तो नकाशा. पाण्याच्या निळ्या रेघा, विजेच्या लाल, केबलच्या हिरव्या, गटाराच्या काळ्या. सगळ्यांनी एकाच नकाशावर काढायच्या. गावात कुठेही चर उघडला की जो जवळ असेल त्यानं आत दिसणाऱ्या पाइपाचा फोटो टाकायचा, खोली लिहायची, जागा लावायची. कोणाचा चर आहे हे विचारायचं नाही. तुझं तर पुढे वेडच झालं. नांदुऱ्याला लग्नाला गेलो होतो, तू फेट्यासकट मांडवाबाहेरच्या एका चरात डोकावत उभा राहिलास. मी म्हटलं, अरे, हे आपलं गाव नाही. तू म्हणालास, "पाहू दे ना बे, चर आयता खुल्ला हाय."

आणि तुझी ती हिवरा आश्रमच्या उत्सवातली पंगत. तुझं गाव तिकडचं, त्यामुळे प्रत्येक मीटिंगमध्ये ती यायचीच. एवढ्या हजारो माणसांची पंगत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून वाढतात, आणि तरी कोणाच्या मांडीवर भाजी पडत नाही, असं तू सांगायचास. कारण एकच, आधी पत्रावळ येते, मग भाजी, मग पुरी. "आपन काय करतो? आधी पुरी वाढतो, मंग मानसाले उठवतो आन् खालून पत्रावळ सरकवतो." खालच्याचा नंबर पहिला, हे तुझं पालुपद. जो सगळ्यांत खोल जातो त्यानं आधी काम करायचं, मग त्याच्या वरच्यानं, आणि रस्ता सगळ्यांत शेवटी. म्हणजे तू शेवटी. दर महिन्याला टाकीखाली याच खोलीत बसून, पुढच्या दोन महिन्यांत कोण कुठे खोदणार हे ठरायचं आणि तू तुझं काम शेवटी लिहायचास. तुला त्यात कमीपणा वाटला नाही. मला वाटला असता, हे आज सांगून टाकतो.

भांडण मात्र आपलं एका गोष्टीवर राहिलं, आणि ते भांडण संपवायला आता मी एकटाच उरलो आहे.

तुझा नियम असा होता की खोदणाऱ्यानं आदल्या दिवशी जागेचा फोटो टाकायचा आणि विचारायचं. संध्याकाळपर्यंत कोणी हरकत घेतली नाही, तर त्यानं खोदावं. गप्प म्हणजे ना हरकत. मी म्हणायचो, हा नियम धोक्याचा आहे. कोणी लग्नात असेल, कोणाचा फोन चार्जिंगला असेल. गप्प बसण्याला होकार कसा मानायचा? प्रत्येक खात्यानं लेखी उत्तर दिलंच पाहिजे. तू म्हणायचास, "साऱ्याइच्या उत्तराची वाट पाहात बसलो तं या गावात नालीसुद्धा होनार नाई." हे आपण किती वेळा बोललो असू. शेवटचं बोललो ते या खोलीच्या जिन्यावर. मी नेहमीसारखा आवाज चढवला. तू नेहमीसारखा हसला नाहीस. जरा थांबून म्हणालास, "तुह्यं बरोबर असन, पन" आणि तुझा फोन वाजला. बोलत बोलत तू खाली गेलास, गाडीला किक मारलीस, हात केलास.

त्या 'पन'च्या पुढे काय होतं, गजू? मी दिवसभर तेच विचारतो आहे. तुझ्या छातीत कळ आली तेव्हा मी तिथे नव्हतो, दवाखान्यात पोचलो तोवर सगळं संपलं होतं. इतकं काही बोलायचं राहून गेलं आणि मला हवा आहे तो त्या वाक्याचा उरलेला तुकडा. हे बरोबर नाही, मला कळतं. पण तसं आहे.

आता जे झालं ते सांगतो. तुला सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

त्या दुपारी आम्ही तुला घेऊन गेलो. ग्रुपवर तुझा फोटो आला, कोणीतरी त्याला हार घातलेला, खाली समई जळते आहे असा. मग रांग लागली. भावपूर्ण श्रद्धांजली, जोडलेले हात, फुलं, पुन्हा जोडलेले हात. फायबरवाल्यांचा नवा सुपरवायझर तुला एकदाही भेटलेला नव्हता. आज्ञाधारक माणूस, ग्रुपचा नियम त्याला कोणीतरी नीट समजावून दिलेला. त्यानं त्या सगळ्या फुलांच्या मध्ये, नियमाप्रमाणे, जागेचा फोटो टाकला आणि लिहिलं: उद्या सकाळी इथे केबलसाठी रस्त्याखालून आडवं बोरिंग करणार आहे, खाली कोणाची लाइन आहे का?

मी तेव्हा स्मशानाच्या पायरीवर बसलो होतो. शब्द सुचत नव्हते. सगळ्यांनी पाठवले म्हणून मीही जोडलेले हात पाठवले. तुला पाठवले मी ते. ते जाऊन पडले त्याच्या प्रश्नाखाली.

आपल्या ग्रुपवर जोडलेल्या हातांचा अर्थ काय होता, हे तुला वेगळं सांगायला नको. तसं कोणी ठरवलं नव्हतं. टाइप करायचा कंटाळा म्हणून प्रत्येक जण 'ठीक आहे, करा' ऐवजी हात जोडून मोकळा व्हायचा. मी त्यातला पहिला. तर त्या माणसाला पाणीपुरवठ्याकडून उत्तर आलं, तेही इंजिनिअरकडून. माझ्या नियमानं पाहिलं तरी त्याची काही चूक नव्हती. त्यानं वाट पाहिली, त्याला लेखी उत्तर मिळालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन माझ्या लाइनमधून आरपार गेलं. जागा तुझीच गल्ली होती, गजू. आणि दिवस तुमच्या गल्लीच्या नळाला पाणी यायचा होता.

मी पोचलो तेव्हा गल्लीतून पाण्याचा लोंढा चालला होता. तुझ्या दारात टाकलेल्या सतरंजीच्या कडा भिजल्या होत्या. मोताळ्याहून, नांदुऱ्याहून आलेले पाहुणे खुर्च्या उचलून उभे होते. गल्लीभर पाणी आणि घरात एक थेंब नाही. मी लाइन बंद करायला व्हॉल्व्हकडे धावलो, परत आलो, तर मंगलावहिनी मागच्या दारात उभ्या. अंगणात निळे ड्रम ओळीनं, पालथे घातलेले. त्या म्हणाल्या, "भाऊजी, आज नळाचा दिवस होता ना? जायच्या आदल्या राती हे म्हनले, परवा नळ हाय, ड्रम धुऊन ठेव. म्या धुऊन ठेवले होते."

मी म्हणालो, "टँकर सांगतला वहिनी, येऊन राह्यला." दुसरं काय म्हणणार होतो? ते धुतलेले रिकामे ड्रम माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. तू धुवायला सांगितलेले.

तो सुपरवायझर बिचारा फोन हातात घेऊन आला. त्यानं तो पुढे धरला आणि हळूच म्हणाला, "सर, तुम्ही हात जोडले होते ना?" मी पाहिलं. वर त्याचा प्रश्न, खाली माझं नाव, खाली माझे हात. मी त्याला रागावलो नाही. मला रागावता आलं नाही, असं होण्याची ही पहिलीच वेळ असावी.

मग जे व्हायचं ते झालं. सीओ साहेबांनी, म्हणजे आपल्या मुख्याधिकाऱ्यांनी, बोलावलं. साहेब वाईट माणूस नाही, पण त्यांना वरून फोन आला होता. म्हणाले, व्हॉट्सॲपवर नगरपालिका चालत नाही, यापुढे पूर्वीसारखं कागदी नाहरकत, ग्रुप बंद समजा. आणि ते चार दिवसांच्या रजेवर गावी गेले. बोलण्यासारखं माझ्याकडे काय होतं? तुझ्याकडे असतं. तू त्यांना पंगत सांगितली असतीस.

आणि आता बसस्टँड रोड. तू गेल्यावर तुझ्या टेबलाचा अतिरिक्त कार्यभार मोताळ्याच्या इंजिनिअर साहेबांकडे आला. काँक्रीटच्या ठेकेदारानं त्यांच्यापुढे फाइल ठेवली, काम कधीपासून तयार आहे, उगाच अडलं आहे म्हणून. त्या रस्त्याखाली माझी जुनी लाइन आहे, तुझ्या-माझ्या जन्माआधीची, अंगाला अंग लावून गटार. पाणी बंद झालं की गटाराचं पाणी तिच्यात ओढलं जातं. स्टँडमागच्या वस्तीत पहिलं पाणी पिवळं येतं ते त्यामुळे, आणि बायका ते अर्धा तास सांडून देतात. नवे पाइप टाकीजवळ रचून ठेवलेले आहेत, मी आत्ता खिडकीतून पाहतो आहे. काँक्रीट एकदा पडलं की ती लाइन आपल्या हयातीत हाताला लागणार नाही. माझ्या हयातीत, म्हणायला हवं आता.

तू ग्रुपवर तिथे हरकत घेतली होतीस. तू, रस्तेवाला, स्वतःच्याच रस्त्याला. ठेकेदार तुझ्या घरी येऊन बसला, पुढारी बोलले, तू हलला नाहीस. "आधी पम्याची लाइन, मंग माह्यं काँक्रीट," एवढंच. मी तुला त्याबद्दल कधी काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू चेष्टाच केली असतीस. आज म्हणतो, तुझे उपकार आहेत माझ्यावर, आणि त्या वस्तीवर, जिला तुझं नावसुद्धा माहीत नाही.

मोताळ्याच्या साहेबांना मी फोन केला. ते म्हणाले, "भाऊ, मले फाइलीत नाहरकत दिसून राह्यलं. तुमच्याच खात्याचं हाय." खरं आहे. आमच्या खात्यानं दिलं होतं, नव्या लाइनची मंजुरी यायच्या आधी. नवं पत्र सीओंच्या सहीशिवाय जात नाही, आणि ते रजेवर. मी म्हटलं, गजाननची हरकत आहे ग्रुपवर. त्या मेसेजचा फोटोही पाठवला. ते म्हणाले, "हे जुनं झालं. मानूस गेला. त्याची हरकत आता कोनाची समजू मी? मले जित्त्या मानसाची हरकत दिसली पायजे, साऱ्याइच्या समोर. मंग मी उद्या सुरू करनार नाई, मीबी मानूस हाय. पन मी तर तुमच्या ग्रुपमधी नाई."

आणि त्यांना ग्रुपमध्ये घेता येत नव्हतं. ॲडमिन तू एकटा. तू कोणाला ॲडमिन केलं नव्हतंस, मलाही नाही, कारण मी रागाच्या भरात कोणाला तरी काढून टाकेन अशी तुला खात्री होती. वीजवाले म्हणाले, नवीन ग्रुप काढा. काढून पाहिला. त्यात मी आणि आणखी दोघं. बाकीचे अजून जुन्याच ग्रुपवर तुला श्रद्धांजली वाहत होते.

म्हणून आज दुपारी तुझ्या घरी गेलो. दारात चप्पल काढताना वाटलं, मागे फिरावं. सुतकातल्या घरात जाऊन बाईकडे नवऱ्याचा फोन मागायचा, तोही कशासाठी, तर रस्त्यासाठी. वहिनींनी पाणी दिलं. मी ग्लास तसाच धरून सगळं सांगितलं, हात जोडल्याचंही सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग आत गेल्या आणि फोन घेऊन आल्या. चार्ज केलेला होता. म्हणाल्या, "रोज लावते म्या चार्जिंगले. कोनाचं काही अडलं असन तं फोन येईन म्हनून."

त्यांनीच तो उघडला. बोट कुठून कुठे फिरवायचं ते त्यांना पाठ होतं. मी सांगत गेलो, त्या करत गेल्या. मोताळ्याच्या साहेबांचा नंबर घातला. माझं नाव दाबून धरलं, ॲडमिन केलं. माझ्या खिशातला फोन वाजला, आणि त्यावर तुझं नाव आलं, गजू. क्षणभर मला खरंच वाटलं. मी काय वाटलं ते लिहीत नाही.

वहिनींनी विचारलं, "आता त्याइचं नाव निघून जाईन का याच्यातून?"

मी म्हटलं, "नाई वहिनी. कोनी काढलं तरच जाते."

"मंग राहू द्या," त्या म्हणाल्या.

परत येऊन मी ग्रुपवर रस्त्याचा फोटो टाकला, खडीचा ढीग आणि मिक्सर दिसेल असा, नकाशावरची निळी रेघ त्याच्या शेजारी. लिहिलं: बसस्टँड रोड. खाली पाण्याची जुनी लाइन. आधी नवी लाइन, मग काँक्रीट. पाणीपुरवठ्याची हरकत आहे. आणि खाली आणखी एक ओळ लिहिली, ग्रुपचा नवा ॲडमिन म्हणून माझी पहिलीच: उत्तर शब्दांत लिहा, हात जोडू नका.

त्याला आता बराच वेळ झाला. सगळ्यांनी वाचलं आहे. वीजवाल्यांनी वाचलं, फायबरच्या सुपरवायझरनं वाचलं, मोताळ्याच्या साहेबांनीही वाचलं, पण काम थांबवलं असं लिहिलं नाही. एकाचंही उत्तर नाही. वहिनींनी तो फोन आत नेऊन पुन्हा चार्जिंगला लावला असेल. मी दर थोड्या वेळानं पाहतो, उगाचच तुझ्या नावावर जाऊन पाहतो. माझा नियम लावला तर या गप्प बसण्याला काडीचाही अर्थ नाही, आणि सकाळी मिक्सर सुरू होईल. मी जाऊन आडवा उभा राहीन, पण मला ओळखतोस ना तू. मी ओरडेन, कोणीतरी पोलिसांना बोलावेल, आणि माझ्या ओरडण्यामागे काँक्रीट पडत राहील. गोड बोलून थांबवणारा गेला.

तुझा नियम लावला तर मात्र वेगळं आहे. मी सगळ्यांसमोर हरकत घेतली, आणि त्या हरकतीला कोणीही हरकत घेतलेली नाही. गप्प म्हणजे ना हरकत. म्हणजे माझी हरकत मान्य झाली. तू हे मला त्या जिन्यावर सांगणार होतास का? मला माहीत नाही, आणि आता कधीच कळणार नाही. मी मनानं एक उत्तर तुझ्या तोंडी घालतो आहे, कारण मला दुसरं काही उरलेलं नाही.

एवढी वर्षं भांडलो, आणि आज पहिल्यांदा तुझा नियम खरा ठरावा म्हणून जीव टांगणीला लागला आहे. बाहेर दिवे लागले. ग्रुपवर अजून कोणी काही लिहिलेलं नाही. तुझं बरोबर असेल, गजू, पण